पहाटे सोडलेले नळ

लोरीन : …आणि त्याला खोटं म्हणूच नकोस. गफलत म्हण. तू शाळेत झाडलोट करतोस, बॉयलर सांभाळतोस. तू काही केमिस्ट नाहीस.

व्हर्जिल : नाही. ती तू आहेस.

लोरीन : म्हणून तर तुझी चूक पोटात घालतील. माझी नाही घालणार.

व्हर्जिल : कॉफी निवली तुझी.

लोरीन : मला कॉफी नकोय, व्हर्जिल! परवा तुला चौकशी समितीपुढे शपथ घ्यायचीय.

व्हर्जिल : ठाऊक आहे. पत्र फ्रिजवर लावलंय.

लोरीन : नीट ऐक. उन्हाळ्याची सुट्टी संपताना तू दरवर्षी शाळेतले सगळे नळ सोडतोस. साचलेलं पाणी काढून टाकायला. हो की नाही?

व्हर्जिल : सोडतो.

लोरीन : मग झालं. मी पाणी तपासायला आले त्या वर्षी तारीख चुकली. नेमके तपासणीच्या दिवशी पहाटे सोडलेस. बस्स, एवढंच.

व्हर्जिल : तुझा फोन आला म्हणून सोडले. म्हणालीस, उद्या सकाळी मी बाटल्या भरायला यायच्या आत प्रत्येक नळ पाच मिनिटं वाहू दे.

लोरीन : तो फोन बहिणीनं भावाला केला होता.

व्हर्जिल : पाणी रात्रभर पाइपात पडून राहू द्यायचं आणि सकाळची पहिली धार बाटलीत घ्यायची, हे तूच शिकवलंस मला. शिसं असलं तर त्या पहिल्या धारेत सापडतं म्हणून.

लोरीन : मला कशाला सांगतोस?

व्हर्जिल : कोणाला सांगू मग? ती धार मी मोरीत घालवली. तिच्या मागचं पाणी तू बाटलीत भरलंस. रिपोर्ट झकास आला. तुझ्या कंपनीला अख्ख्या गावाचं काम मिळालं, तू मॅनेजर झालीस, तळ्याकाठी घर झालं. आणि आता पहिलीतल्या अकरा पोरांच्या रक्तात शिसं निघालंय.

लोरीन : ते घरच्या नळातूनही आलं असेल.

व्हर्जिल : असं वाटतं तुला?

लोरीन : …नाही.

व्हर्जिल : कॉलेजात असताना रडत फोन केला होतास, आठवतं? काचेच्या नळीतून एक थेंब जास्त पडला, म्हणून अख्खा प्रयोग पुन्हा केलास आणि वेळ संपून मार्क गेले. मी तेव्हा कारखान्यात कामाला होतो, तिथे सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझी बहीण एका थेंबासाठी भांडते म्हणून.

लोरीन : तेव्हा गमवायला काय होतं माझ्याकडे? एक खोली आणि जुनी सायकल. आता… तुला हसू येईल. आम्ही दोघंच राहतो, आणि घरात तीन फ्रिज आहेत. एकात नुसता बर्फ असतो.

व्हर्जिल : मग विकून टाक.

लोरीन : आणि ग्रेग? त्यानं माझ्याशी नाही, तळ्यातल्या त्या बोटीशी लग्न केलंय. घर गेलं की आठवड्यात जाईल तो. आमच्या घरांच्या रांगेत तर बाग नीट राखली नाही तरी शेजारी ओळख दाखवत नाहीत. व्हर्जिल, ते सगळं काढून घेतलं तर खाली कोण उरतं, ते मला खरंच माहीत नाही. भीती वाटते मला.

व्हर्जिल : गावातल्या बाकीच्या तीन शाळांत बाटल्या कोणी भरल्या?

लोरीन : मीच.

व्हर्जिल : तशाच?

लोरीन : तिथलं कोणी विचारत नाहीये.

व्हर्जिल : तिथे पोरं नाहीत का? मी म्हटलं माझी चूक, की चौकशी माझ्याच शाळेत संपते. ती पोरं पीतच राहणार.

लोरीन : फिल्टर बसवून घेईन मी. हळूहळू. कोणाला न कळता.

व्हर्जिल : मी खरं सांगणार, लोरीन. मला माफ कर.

लोरीन : मग सगळंच सांग. तुझ्या डब्याशेजारी तो पाच लिटरचा कॅन असायचा, तेही सांग.

व्हर्जिल : कुठला कॅन?

लोरीन : घरच्या विहिरीच्या पाण्याचा. मी फोन केला त्याच आठवड्यापासून रोज न्यायचास. मी बघितलाय बॉयलरच्या खोलीत. तुला कळलं होतं, व्हर्जिल. स्वतःपुरतं पाणी नेलंस आणि गप्प बसलास.



व्हर्जिल : मला वाटलं, तू बघशील काय ते. शिकलेली आहेस.

लोरीन : त्या पोरांच्या आया हे ऐकतील. तुला नाताळला बिस्किटं पाठवतात ना, त्याच. विसरभोळ्या म्हाताऱ्याला त्या महिन्याभरात माफ करतील. कॅनवाल्याला नाही.

व्हर्जिल : तू… तू हे त्यांना सांगशील?

लोरीन : मला सांगायला लावू नकोस.

व्हर्जिल : लहानपणी तुझ्या वेण्या घालायचो मी.

लोरीन : माहितीय. म्हणूनच सरळ तुझ्याकडे आले.

व्हर्जिल : …काय विचारतील ते?

लोरीन : ‘नळ सोडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?’

व्हर्जिल : नाही.

लोरीन : इतक्या पटकन नको. आठवल्यासारखं कर.

व्हर्जिल : नाही, साहेब. सुट्टीनंतर दरवर्षी सोडतो. तारखेचा घोळ झाला माझ्याकडून.

लोरीन : छान. हात मांडीवर ठेव. ‘पाण्याबद्दल तुम्हाला कधी शंका आली होती का?’

व्हर्जिल : नाही, साहेब.

लोरीन : ‘तुम्ही स्वतः शाळेतलंच पाणी पीत होतात?’

व्हर्जिल : हेही विचारतील?

लोरीन : पहिल्यांदा हेच विचारतील.

व्हर्जिल : हो, साहेब. रोज. पोरांच्या मागे रांगेत उभा राहून.