टेबलावरची पाहुणी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे संचालकसाहेब, पोलीस दलातले अधिकारी, शवागारात आणि प्रयोगशाळेत राबणारे यांचे सगळे सहकारी, आणि वेळात वेळ काढून आलेल्या मित्रमंडळींनो,

'सत्कारमूर्तींच्या पत्नीचे मनोगत' असं पत्रिकेत छापण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं. छापलंच आहे, तर आता ऐका. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, माइक थोडा लांब केलात तरी चालेल.

आत्तापर्यंतचे सगळे वक्ते यांच्याबद्दल भरभरून बोलले. आगीत, पुरात, अपघातात ज्यांचा चेहराही उरला नाही, त्यांना यांनी दातांवरून त्यांचं नाव परत मिळवून दिलं. खरं आहे. मला अभिमान आहेच. पण एका पारड्यात अभिमान आणि दुसऱ्यात जळफळाट ठेवला, तर खोटं कशाला बोलू, दुसरं पारडं बरंच खाली जाईल.

मला सवत होती. हसू नका, तुमच्यातले बरेच जण तिला ओळखतात. यांच्या टेबलावर, दिव्याशेजारी, प्लॅस्टरचा एक जबडा असायचा. नदीकाठी नुसती हाडं सापडली होती एका तरुण बाईची, तिच्या दातांचा तो साचा. नाव नाही, गाव नाही. वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. हे तिला 'पाहुणी' म्हणायचे. आणि माझा फोटो? तो ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांखाली!

कुणी बाई हरवल्याची तक्रार आली, की हे पाहुणीशी ताडून बघायचे. जेवताना पाहुणी, फिरायला गेलो की पाहुणी. "तो सुळा काय गोड चढलाय गं," असं एकदा म्हणाले. माझ्या कशालाही हे गोड म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. संचालकसाहेब, तुम्ही हसताय, पण तुमच्या घरी एकदा विचारून बघा.

शेवटी मी विचारलंच, "मी हरवले आणि अशीच कुठे सापडले, तर मला ओळखाल?" यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "कसं ओळखणार? तुझा एकही एक्स-रे माझ्याकडे नाही." पुढे कित्येक दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते यांच्या लक्षातही आलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग एक आई आली. आज त्या समोर बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे बोलतेय. त्यांची मुलगी बिस्किटांच्या कारखान्यात होती. एके दिवशी कामावरून परतलीच नाही. वय जुळत होतं, उंची जुळत होती. हाडांवरून रक्ताचं नातं सांगणाऱ्या तपासण्या तेव्हा आपल्याकडे नव्हत्या. मुलगी दातांच्या डॉक्टरकडे कधी गेलेली नव्हती. अशा वेळी हे हसरा फोटो मागतात, कारण हसताना दिसणारे दात साच्याशी ताडता येतात. आईंनी पिशवीभर फोटो आणले. एकातही तिचे ओठ उघडे नव्हते. "एक दात वाकडा होता, त्याची लाज वाटायची तिला," आई म्हणाल्या. "पण कुठला, ते मला आठवत नाही हो. माझीच मुलगी, आणि मला सांगता येत नाही."

लोक म्हणाले, साहेब, इतकं जुळतंय, देऊन टाका. हे म्हणाले, "आणि चुकलं तर? दुसऱ्या कुणाची मुलगी यांच्या पदरात घालू?" त्या दिवसापासून यांचं जेवणातलं लक्ष उडालं.

माझं डोकंच फिरलं. या पाहुणीला एकदाची घालवायची, असं ठरवून मी त्या आईंच्या घरी गेले. समाजसेवा म्हणून नव्हे, निव्वळ मत्सरापोटी. शाळेत एक बघितलं होतं. कॅमेऱ्यासमोर मुली तोंड मिटून उभ्या राहतात, पण दुसरीचा फोटो निघत असला की मागे खिदळत असतात. म्हणून म्हटलं, "ताई, तिचे फोटो पुरे. तिच्या मैत्रिणींचे बघू या." मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. एका मैत्रिणीकडे कारखान्याच्या सहलीचा फोटो निघाला. पुढे मैत्रीण ऐटीत उभी, आणि मागे ही, रस्सीखेच हरून जमिनीवर बसलेली, खदखदून हसतेय. सुळा अगदी स्पष्ट.

इतकी छान हसत होती, की मला आणखीच राग आला.

यांनी फोटो मोठा करून घेतला, साचा त्याच कोनात धरला, दात न् दात ताडला. दुसऱ्या तज्ज्ञांनाही वेगळं बघायला लावलं. मग आईंना बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. हे म्हणाले, "ताई, ही तुमचीच." आईंनी साच्यावरून बोट फिरवलं, त्या सुळ्यापाशी थांबल्या. "हाच," म्हणाल्या. "डावीकडचा." आणि हे ढसाढसा रडले. माझ्यासाठी हे कधी रडले नाहीत! मी बाकावर बसून रडतही होते आणि जळतही होते.

मुलगी आईकडे गेली. आता निवृत्त होऊन हेही घरी येतायत. सगळे विचारतात, रिकामा वेळ कसा घालवणार? त्याची सोय मी केली आहे. हे मागे परिषदेला गेले होते, तेव्हा मी एक दाढ काढून घेतली. यांच्या मित्रांकडे नाही, मुद्दाम लांबच्या दवाखान्यात. तेव्हापासून मी यांच्यासमोर जेवतेय, बोलतेय, विनोद नसतानाही हसतेय. यांना पत्ता नाही. बघा, बघा यांचा चेहरा!

आपण सगळ्यांनी यांना इतकी वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला माझा एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि अहो, उठू नका, इथे नाही. कुठली ते मी सांगणार नाही. घरी चला, मोठा दिवा लावा, खुर्ची जवळ ओढा आणि सावकाश शोधा.