पिल्लाआधी घर बघतात

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात माझ्यापुढे एक भाऊ-बहीण रांगेत उभे होते.

“पिल्लू द्यायच्या आधी घर बघणार म्हणे! मी लेखी हमी देतो म्हटलं, तर खिडकीवरची ती बाई हसली.”

“हसेल नाहीतर काय, दादा! नुसती हमी तुमच्याच खात्यात चालते, परदेशात बंदुका पाठवताना.”

“इथे नको हं. करारात कलम आहे. जिथे लोकांवर अत्याचार होतील, तिथे माल द्यायचा नाही.”

“मग परवा तिकडे मोर्चातल्या पोरींवर झाडल्या, त्या बंदुका कुणाच्या? परवानगीवर सही तुझीच ना?”

“अगं, त्यांच्या सरकारने हमी दिली होती!”

“आणि बघायला कोण गेलं होतं?”

“दुसऱ्याच्या देशात असं कसं घुसणार? अगं, निघालीस कुठे?”

“खिडकीवर. या माणसाला पिल्लू देऊ नका, म्हणून सांगायला.”