काष्टी ते वॉटर पार्क, मार्गे सगळे देव

(काष्टी, तालुका श्रीगोंदा. एप्रिलातली दुपार. जेवणं उरकलीत, ताटं अजून पुढ्यातच. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर कानिफनाथनं पेनानं रस्ता काढलाय. बायको अश्विनी आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली थोरली लेक स्नेहल तो बघताहेत. धाकटी धनश्री आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलीय.)

कानिफनाथ : ...तर मुद्दा असा, की मानसानं डबक्यातलं बेडूक हून जगू ने. जग बघाया पायजे. या उन्हाळ्यात हे घर जग बघनार, असा मी ठराव मांडतो.

अश्विनी : जग म्हंजे कुठवर?

कानिफनाथ : खोपोलीच्या अलीकडं.

स्नेहल : किती दिवस?

कानिफनाथ : सकाळची धार काढून निघायचं, संध्याकाळच्या धारेला माघारी.

स्नेहल : म्हणजे जग दुपारी बघायचं.

कानिफनाथ : टिंगल करू नको. डेअरीवर पाच वर्सं संचालक हुतो मी. नियोजन कशाला म्हंत्यात ते शीक. हितनं निघालो की पैलं सिद्धटेक.

स्नेहल : पप्पा, आपण वॉटर पार्कला चाललोय.

कानिफनाथ : व्हय, पन देवाला वलांडून जायचं न्हाई. आपल्या घरान्याचा नेम हाय ह्यो. सिद्धटेक, मग मोरगाव...

स्नेहल : मोरगाव रस्त्यावर नाहीये.

कानिफनाथ : ड्रायव्हरला न्हाई. भाविकाला हाय. अन् मोरगावला जाऊन जेजुरीला न्हाई गेलो, तर खंडोबा काय म्हनंल?

अश्विनी : तो काय म्हणत न्हाई. तुमीच म्हणता.

कानिफनाथ : जेजुरी. मग उरळीत आपली रंगुबाई आत्या. तिच्या दारावरनं च्या न घेता गाडी गेली, तर सा म्हैने बोलायची न्हाई.

अश्विनी : मागं बोलली नव्हती सा म्हैने. किती बरं गेलं.

स्नेहल : आणि आत्याआजीचा चहा नुसता चहा नसतो. आधी पाणी, मग चिवडा, मग गुडघ्याचा एक्सरे दाखवते, मग म्हणते, आता जेवूनच जा.

कानिफनाथ : मोठ्या मानसाबद्दल असं बोलू ने. मग थेऊर. मग आळंदी, देहू. शेवटाला कार्ल्याची एकवीरा. तिथनं पार्क म्हंजे निस्तं खाली उतरायचं.

स्नेहल : थांबा, मी मोबाईलवर टाकलं. सात देव, एक आत्या. सकाळी सातला निघालो, कुठंच रांग नाही, आत्याआजीचा गुडघाही बरा आहे असं धरलं, तरी पार्कला पोचायला रात्रीचे पावणेनऊ. पार्क सहाला बंद होतं.

कानिफनाथ : मग भाईरनं बघू. कमान लई मोठी हाय म्हंत्यात.

अश्विनी : महाबळेश्वर पण भाईरनंच बघितलं.

कानिफनाथ : का? गेल्तो की महाबळेश्वरला!

अश्विनी : वाईपर्यंत गेल्तो. तिथं फोन आला, कालवडीला हगवण लागली. गाडी तिथनंच वळवली तुमी. पोरींनी स्ट्रॉबेरी वाईच्या स्टँडवर खाल्ली.

कानिफनाथ : स्ट्रॉबेरी महाबळेश्वरचीच हुती.

स्नेहल : धनश्रीनं आतल्या खोलीतून ग्रुपवर मत दिलंय.

कानिफनाथ : काय म्हंती?

स्नेहल : अंगठा. खाली.

कानिफनाथ : हितं येऊन बोलाया काय हुतं तिला? दहा पावलं न्हाईत.

स्नेहल : ती चौदा वर्षांची आहे, पप्पा.

कानिफनाथ : अन् तुमाला त्या पार्कात एवढं हाय तरी काय? व्हिडिओ बघितला मी. मानसं खुर्चीला बांधत्यात अन् उलटी टांगत्यात. वटवाघळाला कुनी तिकीट लावतं का? अन् पैसे देऊन बोंबलायचं! बोंबलायची फुकट सोय गावात हाय. ग्रामसभेला येत जा.

स्नेहल : तिथं फक्त तुम्हीच बोंबलता.

कानिफनाथ : पानी पायजे तर कॅनॉलला रोटेशन सुटलंय. सिमेटावरनं घसरा दिवसभर. वर ऊस बी खावा.

अश्विनी : मी घसरले तर?

कानिफनाथ : तू?

अश्विनी : मी.

कानिफनाथ : तू कशाला घसरशील? तू तिथं सावलीत बसायचं. चपला संभाळायच्या, डबा सोडायचा. पन्नास पोळ्या घे बरूबर. शेंगदान्याची चटनी घे. भाईरचं खाऊन पोट बिघडतं.

अश्विनी : पन्नास पोळ्या कधी लाटू? आदल्या दिवशी संध्याकाळी पाच गायींच्या धारा, पहाटं पुन्ना पाच.

कानिफनाथ : गायींचं तू बोलू नको. गायी माझ्या हाताच्या हाईत. म्हनून तर मला मुक्काम करता येत न्हाई. मी एक रात गावाभाईर ऱ्हायलो तर गोठा ढासळंल.

स्नेहल : पप्पा, धार कोण काढतं?

कानिफनाथ : देखरेख माझी असती.

स्नेहल : मशीन कोण लावतं?

कानिफनाथ : मशीन मी आनलं.

स्नेहल : आणि लाडी? मम्मी शेजारी बसून बोलली नाही, तर लाडी पान्हा चोरते. मागं मम्मी मामाच्या लग्नाला देवळालीला गेली होती, तेव्हा तुम्ही मम्मीचा हिरवा गाऊन घालून गोठ्यात बसला होता.

कानिफनाथ : ही विरोधकांनी उठवलेली अफवा हाय!

स्नेहल : धनश्रीकडं फोटो आहे.

अश्विनी : धुतलेला गाऊन घेतला यांनी कपाटातला. लाडीला साबणाचा वास आला. मशीनसकट लाथ घातली तिनं. वापरलेला असता तर फसली असती बिचारी.

कानिफनाथ : इषय भरकटतोय. ठराव मतदानाला टाकतो. सात देव, एक आत्या अन् एक कमान. अनुमोदक कोन?

स्नेहल : ग्रुपवर बघा. दुसरा अंगठा. तो पण खाली.

कानिफनाथ : मग मी रद्द करतो समदं. घरातल्या मानसानं एवढं नियोजन करायचं अन् तुमी... पुढल्या वर्साला बघू.

स्नेहल : पुढच्या वर्षी मी पुण्याला हॉस्टेलला असेन. जूनपासून.

कानिफनाथ : सुट्टीला येशील की.

स्नेहल : आणि तेव्हा कुठली तरी गाय व्यायला झालेली असेल.

अश्विनी : मला सांगते काय? मी दहावीला हुते, तवा देवळालीच्या शाळेची ट्रिप निघाली समुद्राला. पिशवी भरून दारात ठेवली. पहाटं म्हैस व्यायली. आई म्हणाली, समुद्र कुठं पळून जात न्हाई. तवापास्नं एक ना एक जनावर माझ्या आडवं हाय. अठ्ठावीस वर्सं झाली.

कानिफनाथ : समुद्र कुठं पळालाय? हायच की तिथं.

अश्विनी : व्हय. म्हणून मीच चालले. तिकिटं काढलीत पार्कची. मंगळवारची. तीन.

कानिफनाथ : तीन? घरात मानसं चार हाईत.

अश्विनी : गायी पाच हाईत. तुमच्या हाताच्या.

कानिफनाथ : स्नेहल, हे तुजं काम.

स्नेहल : मी फक्त बटण दाबलं. सूचक मम्मी, अनुमोदक धनश्री.

कानिफनाथ : अन् गाडी? गाडीची चावी माझ्याकडं हाय, म्हनलं.

अश्विनी : ठेवा. एसटीनं जाणार. एसटी देवाला वलांडून जाती, तिला काय होत न्हाई. मंगळवारी पार्क. मी घसरणार, अन् बोंबलणार. बुधवारी अलिबाग. समुद्राला कमान न्हाई, त्यो भाईरनं बघता येत न्हाई. बेस्तरवारी संध्याकाळी घरी.

कानिफनाथ : म्हंजे दोन राती.

अश्विनी : दोन.

कानिफनाथ : अन् वाटंत रंगुआत्यानं बघितलं तर?

अश्विनी : बघू दे. सा म्हैने सुख लागंल.

कानिफनाथ : लोक काय म्हनतील? कानिफनाथची बायको पोरीसंगं पान्याच्या नळीतनं खाली आली!

स्नेहल : ट्यूब म्हणतात तिला. मम्मीनं त्याचे व्हिडिओ बघून ठेवलेत. कोपर आत घ्यायचं, हनुवटी छातीला लावायची. गोठ्यात सराव पण चालू आहे.

कानिफनाथ : गोठ्यात?

अश्विनी : चाऱ्याच्या ढिगावरनं. लाडीला माहीत हाय समदं. तिनं कुठं काय म्हटलं?

कानिफनाथ : म्हंजे या घरात गायीला माहीत अन् मालकाला न्हाई. जावा. खुशाल जावा. उलटं टांगून घ्या. मला काय फरक पडत न्हाई. डेअरी चालवलेला मानूस हाय मी. पाच गायी म्हंजे काय! सभा बरखास्त.

अश्विनी : बरखास्त झाली तर ताटं उचला. स्नेहल, ती पत्रिका टाकू नको, पाठीमागं रंगुआत्याचा नंबर लिवलाय.

कानिफनाथ : अश्विनी.

अश्विनी : आता कुठला देव ऱ्हायला?

कानिफनाथ : देव न्हाई. त्यो हिरवा गाऊन... सोमवारी धुयाला टाकू नको. तसाच खुंटीला ऱ्हाऊ दे.