नाव नसलेलं बोट

वाजवतो हो, वाजवतो! त्यासाठीच आलोय, हा काळा कोट काय मी हौस म्हणून घातलाय? पण नुसतं स्टेजवर आल्याबद्दल एवढ्या टाळ्या वाजवल्यात, तर आता दोन मिनिटं ऐकूनही घ्या, कारण पियानोत काहीतरी बिघडलंय. या पियानोत नाही, घरच्या. म्हणजे... यातही असेल, आपण कशाला छातीठोकपणे सांगायचं?

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी लोकांसमोर वाजवतोय, वीस वर्षं शिकवतोय, आणि विद्यार्थी चुकतात हो, चुकणारच, पण प्रत्येक जण आपापल्या जागी चुकतो, ज्याची त्याची चूक वेगळी! आणि यंदा? आज वाजवणार आहे तीच रचना सगळ्यांना शिकवली, तर अकराच्या अकरा जण एकाच जागी! दुसरं पान, तिसरी ओळ, सगळ्यात वरचा स्वर... गायब! दातांच्या डॉक्टरीणबाई चुकतात, रिटायर झालेले पोस्टमास्तर चुकतात, आणि ती धाकटी, आठ वर्षांची, जिचे पाय अजून पेडलला पोचत नाहीत, तीसुद्धा अगदी तिथेच! मी ओरडलो, लाल पेन्सिलीने गोल काढले, शेवटी म्हटलं, पोरांना कशाला बोला, पियानोतच काहीतरी बिघडलंय.

बोलावलं ट्यूनरला. त्याने झाकण उघडलं, आत डोकं घातलं, अंगठ्याने पट्टी दाबली. टण्ण! "सर, पट्टी ठणठणीत आहे." म्हटलं, सरका, मी दाखवतो. वाजवलं... काही नाही. "परत वाजवा." परत... काही नाही. तो पियानोकडे बघेना, माझ्या हाताकडे बघत बसला. आणि चहा न घेता गेला हो! वीस वर्षांत हा माणूस आमच्याकडून चहा न घेता गेलेला नाही!

तरी मी आपला धाकटीवर डाफरलोच. "अगं, किती वेळा सांगायचं? हा स्वर का खातेस?" तर ती शांतपणे म्हणते, "सर, तुम्ही दाखवता तेव्हाही तो वाजत नाही. मला वाटलं, तो नुसता लिहायचा असतो. आम्ही सगळे तुमच्यासारखंच वाजवतो. मग चूक कुठे?"

चूक कुठे! मी हात पट्ट्यांवर ठेवला आणि पहिल्यांदा, कान बंद करून, नुसता बघितला. करंगळीच्या शेजारचं बोट. अनामिका. ते आत वळलं आणि तळहाताखाली जाऊन बसलं, मी न सांगता! आता मला सांगा, पाचातल्या चौघांना नावं दिली आणि याला म्हटलं, तुझं नाव नाही हेच तुझं नाव. ते कधी ना कधी डूख धरणारच ना?

बायको म्हणाली, "अहो, महिनाभर चमचा पडतोय तुमच्या हातातून, मी काय चमच्याला दोष देत होते?" नेलं तिने डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, "बोट ठणठणीत आहे. मेंदू त्याला ओळखेनासा झालाय." इथेही ठणठणीत! म्हटलं, थांबेल का हे? "वाजवणं थांबवलंत तर, कदाचित." आणि नाही थांबवलं तर? तर ते चष्मा पुसत विचारतात, "शेजारचं बोट कोणतं?"

भीती वाटते हो. मला दुसरं काही येत नाही, साधा खिळा ठोकता येत नाही. आणि आज सकाळी कोटाची बटणं लावताना करंगळी... जाऊ दे. पियानोत काहीतरी बिघडलंय, एवढंच धरून चाला.

वाजवतो, वाजवतो! हा बघा, बसलो. फक्त एक करा. दुसऱ्या पानावर काही ऐकू आलं नाही तर एकमेकांकडे बघू नका. तिसऱ्या रांगेत एक आठ वर्षांची मुलगी बसलीय, तिला विचारा. ती सांगेल तुम्हाला, सर अगदी बरोबर वाजवतायत.