सहा तासांची शर्यत

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला कोरोना चाचणीच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. काका मोबाईलवर ऑस्ट्रेलियातली मोटारशर्यत बघत होते.

“अहो, पुढे सरका. मागचे खोळंबलेत,” काकू म्हणाल्या.

“तुझा लेक आशुतोष मागे पडलाय! रोजच्या वापरातली साधी गाडी ती, सहा तास जपून चालवायला नको?”

“इथली नोकरी सोडून गेला म्हणून वर्षभर त्याच्याशी बोलत नाही, शर्यत मात्र बघता.”

“चुका बघतोय. उतारावर सारखा ब्रेक दाबतोय गाढव. तापतील ना!”

“मग त्यालाच सांगा की!”

“मी कशाला सांगू? अगं... धूर! गाडी थांबली.”

“अगंबाई! आणि आशू?”

“उतरला, धडधाकट आहे. कठड्यापाशी एकटाच बसलाय बघ.”

“दाखवा बघू.”

“मालिनी, तुझा फोन दे. माझा तो उचलायचा नाही.”