बुरशीवरचं भांडण

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिलाईवाल्या मावशींच्या शेजारी एक सलूनवाले आणि त्यांची लेक येऊन टेकली. लेकीचा दोन नामवंत विद्यापीठांत नंबर लागला होता.

"बाबा, मला दुसरं विद्यापीठच आवडलंय."

"अगं, पहिल्याचं नाव घेतलं की माणसं उठून उभी राहतात! सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून बसलोय मी."

"मला न विचारता?"

"आनंद पोटात मावेना, त्याला काय करू?"

"बरं, ते पहिलं बघायला गेलो तेव्हा आपल्याला फिरवणारा तिथला मुलगा काय म्हणाला?"

"कुठल्या खोलीत कोण मोठा माणूस राहून गेला, सगळं घडाघडा सांगितलं पोराने."

"आणि स्वतः काय शिकतो ते?"

"ते नाही बोलला."

"दुसरीकडची मुलगी?"

"तिचं नाव काढू नकोस! प्रयोगशाळेत शिरली आणि मैत्रिणीशी कसल्याशा बुरशीवरून भांडत बसली. आपल्याला साफ विसरली. किती वेळ ताटकळलो!"

"तुम्ही ताटकळलात, बाबा. मी ऐकत होते."

आतून मावशींना हाक आली. त्यांनी समोरच्या आजोबांना 'तुम्ही व्हा पुढे' अशी हातानेच खूण केली.

"एवढं काय होतं त्यात ऐकण्यासारखं?"

"दोघींचंही चुकतंय असं वाटत होतं मला. पण बोलायचा धीर झाला नाही."

"मग आता जाशील तेव्हा सांग की त्यांना!"

लेक बापाकडे बघतच राहिली. बापाने घसा खाकरला.

"त्या दुसऱ्याचं नाव काय म्हणालीस? जरा सावकाश सांग. उद्या गिऱ्हाइकांपुढे अडखळायला नको."