शेवटचो आयटम

(देवगड. ऑर्केस्ट्रावाल्या भाईंची पडवी. तळेऱ्याची किशोरी आणि बंदरावरची उर्वशी समोरासमोर बसलेल्या. दोघींनी पन्नाशी गाठलेली.)

किशोरी : अलिशा ती अलिशा! त्या टायमाक कोणाची कॅसेट वाजायची? रिक्षात अलिशा, सलूनात अलिशा, लग्नाच्या मांडवात अलिशा!

उर्वशी : आणि फाल्गुनी इल्यावर तीच कॅसेट पुसून लोकांनी त्याच्यार फाल्गुनी भरली. तुज्या भावानसुद्धा.

किशोरी : माज्या भावाक गाण्यातला काय कळता? तो आपल्या बैलांका रेडिओ ऐकवणारो माणूस.

उर्वशी : बाये, फाल्गुनीच्या गाण्यार पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळी नाचायची. तुज्या अलिशाक नुसते बापये बघूक यायचे.

किशोरी : येवंदेत! तुज्या पोटात कित्याक दुखता?

भाई : रसिकहो, शांतता राखा. माझ्या मते त्या काळची सर्वांत लोकप्रिय गायिका म्हणजे श्वेता शेट्टी.

किशोरी : भाई, गप ऱ्हवा.

उर्वशी : तुमी मधी पडा नुको.

भाई : बरं, राहिलं. पण शनिवारी मंडळाच्या गणपतीत आपला ऑर्केस्ट्रा इतक्या वर्षांनी उभा राहतोय. बॅनर छापायला टाकायचाय. ज्युनिअर अलिशा किशोरी आणि ज्युनिअर फाल्गुनी उर्वशी, यांतलं शेवटचं गाणं कोणाचं, तेवढं सांगा. बाकीचं भांडण घरी न्या.

किशोरी : शेवटचो आयटम माजो.

उर्वशी : तुजो कसो? कायम माजोच होतो.

किशोरी : म्हणानच ह्यावेळी माजो! सगळ्यांत मोठी गायिका शेवटाक गाता, ह्या शेंबड्या पोराक पण ठाऊक. तो मान दरवेळी हिका मिळालो. कशावरून? तर म्हणे हिका शिट्ट्या जास्त. शिट्ट्या मारणारे कोण? हिच्या बापाशीच्या ट्रॉलरवरचे खलाशी!

उर्वशी : खलाशी म्हणजे माणसा नाय?

किशोरी : माणसाच. पण माजी माणसा तेवा खंय होती? एस.टी.त! तळेऱ्याची शेवटची गाडी चुकली तर त्यांका रातभर चलत जावचा लागला असता. मी स्टेजच्या मागसून बघी होतंय. आये, बापूस, शेजारपाजार, अख्खी वाडी उठान स्टँडार जायची. आणि मगे हे भाई माईक घेवन इचारायचे, "बोला रसिकहो, शेवटचं गाणं कोणाचं?" उरलेली सगळी बंदरावरची. ती काय माजा नाव घेतली?

भाई : अगं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

किशोरी : तुमच्या नाय इला. हिच्या इला होता.

उर्वशी : इला होता.

किशोरी : बघा, तोंडान कबूल करता! किती जळलंय मी हिच्यार, माजा माका ठाऊक. भावाची पँट घालून, टोपी घालून ही उभी ऱ्हवली काय लोक येडे. माका वाटायचा, ही आज तोंडार पडाक होयी. खरा सांगतंय. गणपती माका माफ करूंदे.

उर्वशी : मी पण मागसूनच बघी होतंय गो.

किशोरी : काय बघी होतंस?

उर्वशी : तू गाताना मैदान. देवगड, जामसंडा, तळेरा, सगळी लोका. पोरा बापसाच्या खांद्यार. एक माणूस हलूक नाय. आणि माजो आयटम लागलो काय सतरंजे रिकामे. पुढे आमचे खलाशी, मागे कुत्रे. शिट्टी वाजली काय माका मेल्यासारख्या व्हायचा. ह्येच्यात कसलो मान? तुजो राग यायचो. असो राग यायचो काय तुज्या पावडरीत मीठ घालूक होया.

भाई : मग तेव्हा बोलली का नाहीस?

उर्वशी : काय बोलू? माजो बापूस बंदरार मासळीच्या लिलावात ओरडान सांगायचो, माजा चेडू शेवटाक गाता म्हणान.

किशोरी : परत सांग.

उर्वशी : काय?

किशोरी : मैदानाचा. पोरा बापसाच्या खांद्यार?

उर्वशी : खांद्यार. वडाच्या पारार पण पाय ठेवूक जागा नाय.

किशोरी : माका कोण कधी बोलला नाय ह्या. मी गाताना डोळे मिटायचंय, भियान.

भाई : मी काय म्हणतो, शेवटचं गाणं दोघी मिळून...

किशोरी : नुको!

उर्वशी : अजिबात नुको! भाई, आता लोकांका एस.टी. लागणा नाय. सगळ्यांकडे मोटरसायकली आसत. एकदा, एकदाच माका भरलेल्या मैदानात शेवटाक गावचा आसा. किशोरी, खरा सांग. तेवा मी तुजो टाईम मागितलो असतो तर दिलो असतंस?

किशोरी : नाय.

उर्वशी : ठाऊक होता माका.

भाई : मग बॅनरवर काय लिहू? बोला गं, छापखानेवाला थांबलाय.

किशोरी : हिचा नाव शेवटाक घाला.

उर्वशी : किशोरी...

किशोरी : रडा नुको, गळो बसात. आणि लोकांची काळजी करू नुको. मैदानाच्या तोंडार मी उभी ऱ्हवतंय. कोण उठता तो बघतंय.